मंग सांगसू

दोंडाईचा, मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा तेच. अक्काला, माझ्या आत्याला, तिचीच गोष्ट सांगत बसले. तिला आता स्वतःचं नावही आठवत नाही, पण गोष्ट म्हटली की लहान पोरीसारखी मांडी घालून बसते.

सासरचा जाच सोसेना म्हणून ती पहाटे पळाली. तापीला पूर होता. म्हशीचं शेपूट धरून तिनं नदी ओलांडली. इथवर मला पाठ आहे. मग कितीतरी वर्षांनी केळीचा ट्रक स्वतः चालवत ती आमच्या दारात उभी राहिली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मधलं कुणालाच माहीत नाही. विचारलं की हसून टाळायची, "मंग सांगसू." आयुष्यभर मंग सांगसू. आणि मी मूर्ख, थांबत राहिले.

आज शेपटापाशी आले, तर तीच डोळे मोठे करून विचारते, "मंग? मंग काय व्हयनं वं?"

काय सांगू तिला? ज्या एकाच माणसाला माहीत होतं, तेच मला विचारतंय. रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "मग ती काठावर चढली आणि घरी आली."

"नही," अक्का ठामपणे म्हणाली. "घर नही उनी ती."

पुरात शेपूट धरावं तसा मी तिचा हात धरला. "मग कुठे गेली, अक्का? सांग ना."

तिनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोन?"