शर्वरीचा उंचवटा

मंगळवार संध्याकाळ, मयूर विहार

शर्वरीला आज सांगायला हवं होतं का? नियम तर मीच केलाय: सरावाचा डेटा ज्यानं बनवला, त्यानं सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

विश्वाच्या सुरुवातीला, पाणी उकळताना येतात तसे बुडबुडे येऊन एकमेकांवर आदळले असतील, तर त्यांच्या गुरुत्वीय लहरी अजून उरल्या असतील. त्या टिपणारी यंत्रणा अंतराळात जायला अजून वर्षं आहेत. तोवर माझे विद्यार्थी मी बनवलेल्या डेटावर हात बसवतात. या वेळी त्यात मी त्या लहरी घातल्याच नव्हत्या. आणि शर्वरीला त्या सापडल्या.

तिनं दाखवलेल्या आलेखावरचा तो छोटासा उंचवटा. आपल्याच आकाशगंगेतल्या जोडताऱ्यांच्या लहरींचा गोंगाट तिनं थोडा कमी वजा केलाय, त्यातलंच हे उरलेलं, एवढंच.

मुनिरक्यातल्या खोलीवरून तिचा फोन आला. "मॅडम, बिल्कुल हवा तसाच आहे हो! उत्तर पाठवू?"

"खात्री आहे तुझी?"

"तुम्ही असं विचारलं की भीतीच वाटते यार... सॉरी, मॅडम."

हसले मी. 'थांब' अगदी ओठांवर आलं होतं. तो उंचवटा डोळ्यांसमोरून हलेना. पण खरा डेटा येईल तेव्हा उत्तर कुणालाच माहीत नसणार. मलाही नाही. तेव्हा ती कुणाला विचारेल?

"तुझं तू ठरव," म्हटलं.

 मग, "पाठवते."

पाठवलंच तिनं. शुक्रवारी सगळ्यांसमोर उत्तर उघडायचंय. दर वेळेसारखं फळ्याजवळ उभं नाही राहायचं. तिच्या शेजारची खुर्ची धरायची.