धरणावर जायची पूर्वतयारी

२ मार्च

पार्सल आलं. फोल्डिंगच्या खुर्च्या दोन, तीनशे ऐंशी. एका बर्नरचा स्टोव्ह, दोनशे दहा. स्लीपिंग बॅगा दोन, सहाशे. डोक्याला बांधायची टॉर्च, नव्वद. पार्सलवाल्याला पाणी दिलं, त्याने वर पैसे मागितले नाहीत. चांगल्या कामाला देव माणसंही चांगलीच धाडतो.

ह्यांनी सगळी नोकरी बेकरीची गाडी चालवण्यात काढली. रिटायर झाल्यावर बेकरीने तीच गाडी स्वस्तात दिली. पाव गेले, वास राहिला. ती घेऊन धरणावर जायचं, पाण्याकाठी गाडी लावायची आणि चार दिवस तिच्यातच राहायचं, असं ठरलं आहे. रोज पहाटे तिथून गेलो पण एकदाही खाली उतरलो नाही, असं हे म्हणाले. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून कुठे मुक्कामाला गेलेलो नाही. कारणच पडलं नाही. ह्या वेळी जाणार हे पक्कं. पंधरा तारखेला निघायचं. सामान निवडण्याचं काम माझ्याकडे.

५ मार्च

नियम केले. घरात आहे ते विकत घ्यायचं नाही. विकत घेतलेली वस्तू वापरून पाहिल्याशिवाय न्यायची नाही. नवी वस्तू निघण्याआधी वापरून जुनी करायची नाही.

शेवटचे दोन नियम एकमेकांशी जमत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. जमवून घेतलं की सगळं जमतं.

८ मार्च, संध्याकाळ

अंगणात रंगीत तालीम. कल्पना ह्यांची. खुर्च्या मांडल्या. सीटवरची प्लास्टिकची वेष्टनं काढू दिली नाहीत. बसताना कुरकुर आवाज होतो, एवढंच. हे म्हणाले, स्टोव्ह काढ, इथेच चहा करू. मी म्हटलं, काळा पडेल. मग स्वयंपाकघरात चहा केला, थर्मासमधून अंगणात आणला आणि कॅम्पिंगच्या मगात ओतला. म्हणजे झालं की नाही सगळं तिथल्यासारखं. हे चहा पिताना स्टोव्हच्या खोक्याकडे बघत होते. खोक्यावरचं चित्र चांगलं आहे.

वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. मागच्या गल्लीत एकट्या असतात, म्हणून चहाला इथे. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, काय गं, खुर्चीला रेनकोट घातलास तो? हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. तालीम यशस्वी.

११ मार्च

सुताराने गाडीत फळ्यांचा पलंग ठोकून दिला. खाली सामानाला जागा. दुपारी आडवी होऊन पाहिलं. छत फार जवळ येतं. पावाचा वास. बराच वेळ पडून होते. काही वाटलं नाही. फार आनंद झाला की माझं बहुधा असंच होतं.

१४ मार्च

पंधरा तारीख पुढे ढकलली. पाण्याचा प्रश्न. मोठं पिंप घरात आहे, पण ते पलंगाखाली शिरत नाही. पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवरही उभं राहत नाही. सीट काढली तर राहतं. हे म्हणाले, बाटली नेऊ, तिथे समोर अख्खं धरण आहे. मी म्हटलं, ते सरकारी पाणी.

गॅरेजवाल्याकडून सीट काढून घेतली. तो पाना पुसत विचारतो, काकू, मग तुम्ही कुठे बसणार? म्हटलं, आधी पाण्याचं तर बसू दे. मी मागे डब्यांच्या पेटीवर बसेन. पेटी मजबूत आहे.

आता बावीसला निघायचं. नक्की.

२० मार्च

आज गाडीत चढवलं ते: कुकर, बादली, शिडी, दोर, जाड सतरंजी, दोन लोड, इस्त्री. इस्त्रीला तिथे वीज नाही, असं ह्यांनी दाखवून दिलं. गाडीच्या बॅटरीवर चालते का, ते गॅरेजवाल्याला विचारायचं ठरवलं. पेटीवर आता बसता येत नाही, तिच्यावर लोड आहेत.

वन्सं गाडीला एक फेरी मारून म्हणाल्या, दोर आहेच, घरच बांधून ओढत न्या की. त्यांना प्रवासाची सवय नाही. मलाही नाही, पण मी अभ्यास करते आहे.

जेवताना हे म्हणाले, तुला यायचं आहे ना? नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. हा प्रश्न कुठून निघाला कळलं नाही. एवढी राबते ती कोणासाठी? मी म्हटलं, वॉटरप्रूफ काडेपेट्या यायच्या आहेत. ह्यांनी भाजी परत मागून घेतली नाही.

२३ मार्च

काडेपेट्या आल्या. एक पेटवून पाहिली असती, पण मग एक कमी झाली असती.

घर बंद करून मी कधी गेलेले नाही. दाराचं कुलूप लावून पाहिलं, लागतं. उघडून पाहिलं, उघडतं. परत लावलं. बाहेर पायरीवर जरा बसले. मग आत जावंसं वाटलं आणि गेले. कुलपाला तेल पाहिजे. तेल मिळेपर्यंत निघणं बरं नव्हे. देवालाही घाई आवडत नसावी.

२९ मार्च

ह्यांनी सांगितलं, गुरुवारी निघायचं, काही झालं तरी. आवाज चढवला नाही. मला त्यांचा चढा आवाज सोपा जातो.

दुपारी हे गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. ऑइल बदलत असतील. मी यादी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली. गुरुवारपर्यंत सहज होईल.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी प्रार्थना करून बाहेर आले तर सामान व्हरांड्यात उतरवलेलं. कुकर, बादली, शिडी, पिंप, सगळं ओळीने. गाडीत पुढची सीट पुन्हा बसवलेली. इंजिन चालू. हे म्हणाले, आहेस तशी ये.

गॅसवर दूध होतं. सतरंज्या उन्हात घालायच्या होत्या. यादी निम्मी झाली होती. हे सगळं मी सांगितलं. हे ऐकत होते. मग म्हणाले, दूध मी बंद करून आलोय.

मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी.

निरोप द्यायला वन्सं आल्या होत्या, हातात नुसती पर्स. हे त्यांच्याकडे वळून म्हणाले, ताई, तू येतेस? त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ही जागा तुझी आहे गं, येणार असशील तर अजूनही सांग. मी पिंपाचं झाकण घट्ट आहे का बघत होते. तेव्हा म्हणाल्या, मग मी बसते, माझं काय सांडायचंय. बसल्या. चपलासुद्धा घरातल्याच होत्या.

गाडी कोपऱ्यावरून वळली. स्टोव्ह, किटली, दोन्ही स्लीपिंग बॅगा आणि खुर्च्या नेल्या. खुर्च्यांची वेष्टनं घडी करून पायरीवर ठेवली होती. घडी व्यवस्थित होती.

एका अर्थी बरंच झालं. एवढं सामान पहिल्याच फेरीत धुळीत गेलं असतं. सामान आत घेतलं. चार खेपा झाल्या. दूध थंड झालं होतं, त्यावर साय चांगली आली होती. दिवसभर काही वाटलं नाही. थकवा असेल.

५ एप्रिल

कुलपाला तेल घातलं.

८ एप्रिल

ह्यांचं कार्ड आलं. पाणी छान आहे. स्टोव्ह उत्तम चालतो, काळा झाला आहे. ताई फार बोलते, पण मला बरं वाटतं. आणखी आठवडाभर राहू म्हणतो. खाली धरणावरच्या चौकीदाराचा पत्ता.

कार्ड दोनदा वाचलं. मग पाठीमागचं चित्र पाहिलं. नुसतं पाणी आहे. उत्तर आधी इथे कच्चं लिहिते, म्हणजे कार्ड खराब होणार नाही.

तीर्थरूप वन्संना नमस्कार आणि तुम्हालाही. इकडे सर्व ठीक. देवाच्या कृपेने घर जागेवर आहे. स्टोव्ह राखेने घासावा, म्हणजे निघेल. इकडे राहिलेल्या सामानाचा मी नीट विचार केला. ते आत भरण्याऐवजी टपावर बांधलं, तर पुढची सीट काढावी लागत नाही. हे आधी कोणीच का सुचवलं नाही, कळत नाही. पुढच्या खेपेला मी नक्की येते. माझी तयारी पूर्णच आहे. टपावरच्या सामानाला झाकायला ताडपत्री तेवढी शिवून घ्यायची राहिली. गाडी तुमच्याकडे असल्याने टपाची लांबी-रुंदी तुम्हीच मोजावी, दोन बोटं जास्त धरावीत आणि माप उलट टपालाने धाडावं.