घंटेचा पुरावा

लातूर, ३ ऑगस्ट
सिद्ध करावयाचे ते असे: नात गौरी (पुढे गौ.) हिला ऐकू येते; दोन वर्षांची होऊनही ती बोलत नाही, याचे कारण कानात नाही. सुनेच्या माहेरी, नांदेडला, दोन महिने आधी जन्मली. काचेच्या पेटीत राहिली. वय मोजताना तेवढे वजा करावे, असे डॉक्टरच म्हणाले होते. पुरावा: रोज इष्टलिंगपूजेत मी घंटा वाजवते आणि गौ. आतल्या खोलीतून येऊन विभूतीसाठी कपाळ पुढे करते. अपवाद नाही.

५ ऑगस्ट
सून रेखा पुन्हा कानांच्या तपासणीचे बोलली. मी घंटेचा दाखला दिला. "आत्या, तुमच्यासमोर लेकरू काय बोलंल? मलाच जागा मिळंना." दोघी हसलो. तपासणी पुन्हा पुढे.

९ ऑगस्ट
आज मुद्दाम घंटा वाजवली नाही. कारण काढून घेतले तर कार्य थांबते का? आयुष्यभर वर्गात हेच शिकवले. अगरबत्ती लावून गप्प बसले.
गौ. आली. कपाळ पुढे.
वासाने? दिव्याने? की नुसत्या सवयीने?
रेखा दारात उभी होती. "बघितलं न्हवं, आत्या?" एवढेच.

१० ऑगस्ट
गौ. ठोकळे रचत होती. मागून घंटा वाजवली. वळली नाही. संध्याकाळी पुन्हा. वळली, पण माझी सावली ठोकळ्यांवर पडली होती. म्हणजे ऐकत नाही? तेही निघत नाही. खेळात रमलेले मूल... दोन्ही बाजूंनी वाक्य अर्धेच राहते.

१४ ऑगस्ट
नांदेड. शेवटी कानांची तपासणी: झोपलेल्या मुलाच्या कानात आवाज सोडून यंत्रावर प्रतिसाद पाहतात. औषध पाजले तरी गौ. झोपेना, दाराबाहेरच्या चपला जुळवत बसली. पुढची तारीख मिळाली.
परतताना लोहा गाव मागे पडले आणि गौ. रेखाच्या मांडीवर ढाराढूर. "तिथं डोळा मिटला न्हाई. आता बघा." तेवढ्यात मागच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला. आम्ही दोघींनी एकदमच तिच्या पापण्यांकडे पाहिले.
रेखा म्हणते, हलल्या. मला दिसले नाही.
चूक मान्य: जो निष्कर्ष मला हवा होता, त्याचा पुरावा मी उलटून तपासला नाही, आणि त्याच्या भरवशावर तपासणी लांबवली. गौ. ऐकते की नाही, हे आज मला माहीत नाही.
— शैलजा