आरशात बघून फिरवलेला बोल्ट

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (इंजिनाखाली घरंगळलेला वायसर शोधताना काल जमिनीवर सर्वांगाने आडवी झालेच होते, तोच तुमच्या नावे धरावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कट्‌कट्‌ वाजतात असं लिहिलं होतंत. इथे हल्ली कुठेही कट्‌ वाजलं की माझ्या छातीत धस्स होतं, त्यामुळे तो मजकूर मी घाईघाईने वाचला, रागावू नका. बाबांची तब्येत छान आहे. तुमच्या बंधुराजांचीही, डाव्या हाताची बोटं सोडली तर.

बाबांच्या जुन्या गाडीला तुम्ही गिऱ्हाईक शोधलंत, त्याबद्दल आभार मानायचे होते. जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या त्या गृहस्थांची अट एवढीच की गाडी चालू हवी. एवढ्याशा अटीने आमच्या घराची काय दशा केली ते आता ऐका. डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायची बंदी केली आणि ह्यांनी किल्ली काढून घेतली, तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो चालतो कसा, हे मात्र इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. दोघं एकाच टेबलाशी जेवतात. बाबा मला म्हणतात, "त्याला सांग, पंखा कमी कर." हे मला म्हणतात, "त्यांना सांग, केला." मधे अंतर एका पाण्याच्या तांब्याचं. लग्नात तुमच्याकडच्यांनी मुलगी गृहकृत्यदक्ष आहे का विचारलं होतं, टपालखात्याचा अनुभव आहे का ते कुणी विचारलं नाही.

तर ह्यांनी इंजिन उघडायला घेतलं. इंजिनाच्या कुशीला बिडाचा एक जाडजूड नळ असतो, त्यातून धूर बाहेर जातो. तो बोल्टांनी आवळलेला असतो आणि आमचे बोल्ट बाबांनी स्वतः आवळले होते. (तुमच्या माहेरचं आवळणं तुम्हाला सांगायला नको. या घरात बरणीचं झाकण उघडायला मला अजून माणूस लागतो.) नळाच्या बाजूला उभं राहून काम केलं असतं तर सरळ होतं. पण त्याच बाजूला बाबा खुर्ची टाकून बसलेले. त्यांच्याकडे तोंड करावं लागू नये म्हणून हे पलीकडून इंजिनावर ओणवे झाले, हात मागे घातला आणि बोल्ट दिसावा म्हणून माझा वेणीफणीचा आरसा समोर धरला. आरशात सगळं उलटं दिसतं, हे या माणसाला दाढी करताना रोज कळतं, पण त्या दिवशी कळलं नाही. सैल करतोय असं समजून हे बोल्ट जीव खाऊन आवळत होते. बाबांना समोरून ते लख्ख दिसत होतं. ते काय ओरडले? काही नाही. त्यांनी मला हाक मारली. मी गॅस बारीक करून, हात पुसून आले. "त्याला सांग, तो आवळतोय." मी गाडीला वळसा घालून तोंड उघडते तोवर कट्‌.

दुसऱ्या बोल्टाला दिशा बरोबर होती. बाबांचा निरोप गेला, आधी तापव. ह्यांनी बत्ती पेटवली आणि मला पाठवलं, त्यांना विचार, किती. उत्तर आलं, लाल होऊ देऊ नको. पुन्हा प्रश्न गेला, मग काय करू. उत्तर आलं, मेणबत्ती टेकव, मेण आत शिरेल. एवढं सगळं दोन्ही बाजूंना पोचवेपर्यंत बोल्ट गारठला होता. त्यावर ह्यांनी पान्याला नळी लावून जोर केला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. (डाव्या हाताची बोटं सोलवटली ती याच कट्‌ला.)

मग वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, तुटलेल्या बुंध्यावर नट डकवतो, पण गरम आहे तोवरच फिरवायचा, नाहीतर मला पुन्हा बोलावू नका. वन्सं, मी विटले होते. चप्पल घातली आणि शेजारणीकडे जाऊन बसले. म्हटलं, बघू दे आता कोण कुणाला सांगतंय ते. अर्धा कप चहा झाला असेल नसेल, तेवढ्यात भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, "अरे गाढवा, बघतोस काय, फिरव!" लगेच ह्यांचा, "फिरवतोय ना! कुठे जोर देऊ ते सांगा!" "डावीकडे!" "तुमच्या का माझ्या?" शेजारीण घाबरून उठायला लागली, भांडण सोडवूया म्हणाली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि वन्सं, मला रडू आलं. इतके दिवस मी वाहून नेलेल्या निरोपांत एकदासुद्धा 'गाढवा' नव्हता.

दोन्ही बोल्ट निघाले. एक बाबांच्या खिशात आहे, सदरा धुवायला टाकतानाही काढू देत नाहीत. आता दिवसभर दोघांची बडबड चालते, जेवताना आमटीत बोट बुडवून ताटात इंजिनाच्या आकृत्या काढतात. मला मात्र कुणी काही विचारत नाही. आठवड्याभरात गाडी सुरू होईल. तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाला खुशाल कळवा.

तुमची,
निवृत्त निरोप्या

ता. क. गुडघ्यांना तेल चोळत जा, जोर करू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता शेडमधून बाबांचं बोलणं कानावर आलं. "एकदा सुरू झाली की संपलं बघ काम." हे "हो" म्हणाले. त्यावर दोघंही गप्प झाले, ते अजून गप्पच आहेत. वन्सं, गाडी न्यायची तर न्या, पण त्या गृहस्थांना एक विचाराल का? असल्या हौशी माणसाकडे विकायला काढलेली एखादी बंद गाडी असेलच. चाकं, काचा नसल्या तरी चालतील. बोल्ट तेवढे सगळे गंजलेले हवेत.