टीव्हीच्या कपाळावरचं कुंकू

बोरगाव मेघे, वर्धा
कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. धनंजय यास पुंडलिकरावांचे, म्हणजे तुझ्या एकुलत्या एका भाऊजींचे, पोटभर आशीर्वाद. सौ. मेघालाही तेवढेच. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या ताईचे गुडघे थंडी पडल्यापासून कुरकुरतात, माझ्या आईचा एक कान अजून थोडाफार चालतो आणि माझी तब्येत शर्टाच्या बटणांना विचारावी. तुझी पाठ कशी आहे? (मागे फोनवर पाठ दुखते म्हणालास आणि तेवढ्यात तुला दुसरा फोन आला, त्यामुळे वर दुखते की खाली ते राहूनच गेलं.) आजच्या काळात पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण एसटीच्या चौकशी खिडकीत नोकरी काढलेल्या माणसाला समोरचा ऐकतोय की नुसतं हं हं करतोय, हे लगेच कळतं. फोनवर तू हं हं करतोस. पत्राला ती सोय नाही, ते वाचावंच लागतं.

तर विषय तू दिवाळीला पाठवलेल्या टीव्हीचा. दरवर्षी भाऊबीजेला तू येत नाहीस आणि तुझ्याऐवजी एक खोकं येतं, ही आता आमच्या घरची रीतच झाली आहे. आधी मिक्सर आला. मग बिनतेलाचं तळण्याचं यंत्र आलं (त्यात तुझी ताई सांडगे ठेवते, मुंग्या लागत नाहीत म्हणून फार खूश आहे). मग तो बोलणारा डबा आला, ज्याला आई रोज चहा घेतला का विचारते. आणि यंदा हा टीव्ही. तू पुण्यात हॉटेलांच्या खोल्यांमधून टीव्ही बसवणारा माणूस, तेव्हा माल चांगलाच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. केबलवाल्या कार्तिकने शोकेस सरकवून, भिंतीला भोकं पाडून तो चढवला. शेजारच्या सुलोचनाबाई नारळ घेऊन आल्या. मी बटण दाबलं. संथ बासरी वाजली, निळा समुद्र आला आणि वर अक्षरं उमटली, "आदरणीय अतिथी, आपले स्वागत आहे." खाली बारीक अक्षरांत, नाश्ता सकाळी सात ते दहा, चेक-आउट सकाळी अकरा.

कार्तिक म्हणाला की हा हॉटेलचाच टीव्ही आहे, आणि पाहुण्यांनी आत काही बदलू नये म्हणून घातलेलं हॉटेलचं कुलूप त्याच्या पोटात तसंच राहून गेलं आहे. (घाईत तुझ्या माणसांनी गोदामातलं भलतं खोकं पाठवलं असणार. मी तुला दोष देत नाही, दिवाळीत तुझी हॉटेलं भरलेली असतात.) पण मी ती अक्षरं आईला मोठ्याने वाचून दाखवली, ही चूक झाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुंडलिक, हे कोन लोकं आपल्याले अकरा वाजता घरातून काढून राह्यले?" मी समजावलं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर आंघोळ करून, दोन लुगडी पिशवीत भरून बाई खाटेवर तयार. पुन्हा समजावलं, ते हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. तर तिने विचारलं, मग नाश्ता तरी लागू आहे का. तेव्हापासून तुझ्या ताईला सकाळी सातला पोहे टाकावे लागतात, कारण टीव्हीने कबूल केलं आहे.

दुसरी भानगड आवाजाची. बाजूच्या खोलीतल्या पाहुण्यांची झोपमोड होऊ नये म्हणून हा टीव्ही एका हद्दीपलीकडे आवाज चढवतच नाही. आमच्या बाजूच्या खोलीत सुलोचनाबाई राहतात. त्या गेली कित्येक वर्षं पोळ्या लाटता लाटता आमच्या टीव्हीवरची मालिका त्यांच्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. आवाज येईना तेव्हा त्या चौकशीला आल्या, की घरात सगळं बरं आहे ना, कोणी आजारी तर नाही ना. आता त्या बसायला वेताचा मोढा घेऊन आमच्याच घरी येऊन बसतात, आणि पोह्यांची एक बशी वाढली आहे.

हे सगळं चाललं असतं. पण भाऊबीजेला जे झालं ते तू पाहिलं नाहीस, कारण तुला फक्त माझा कान दिसत होता. कार्तिकने फोनवरच्या तुला टीव्हीवर आणून दिलं, मी फोन हातात धरून उभा, आणि भिंतीवर तुझा चेहरा परातीएवढा. तुझी ताई नवं लुगडं नेसून, पाट मांडून, भोवती रांगोळी काढून उभी होती. (पाट रिकामा होता, पण रांगोळी रिकाम्या पाटासारखी नव्हती.) तिने सुपारी आणि अंगठी स्क्रीनभोवती फिरवली, निरांजन ओवाळलं. ओवाळणी म्हणून तू टीव्हीच पाठवलेला, म्हणजे ती ओवाळणीलाच ओवाळत होती. आणि मी काही म्हणायच्या आत तिने ओल्या कुंकवाचं बोट तुझ्या कपाळावर टेकवलं, वर अक्षता दाबल्या. तेवढ्यात तू म्हणालास, ताई, एका हॉटेलचा फोन येतोय, ठेवतो. तू गेलास. समुद्र आला. कुंकू तिथेच राहिलं.

ते अजून तिथेच आहे. बातम्या देणाऱ्या मुलीच्या ते नाकावर येतं. क्रिकेटमध्ये चेंडू कोणता आणि अक्षता कोणत्या, कळत नाही. हवामानाच्या नकाशात ते अरबी समुद्रात पडतं आणि आई वाळत घातलेल्या वड्या आत घ्यायला सांगते. मालिकेतल्या दुष्ट सासऱ्याच्या मात्र बरोबर कपाळी लागतं, त्यामुळे सुलोचनाबाईंचं त्याच्याविषयीचं मत सुधारलं आहे. मी ओलं फडकं घेऊन गेलो होतो. तुझ्या ताईने हात धरला. "भावाच्या कपायाचं कुंकू बहीन पुसते काय? तो येईन, त्याच्या खऱ्या कपायाले लावीन, मंग पुसजा तुमचा टीव्ही." मी फडकं वाळत घातलं.

आणखी एक गोष्ट लिहितो, ती तिने सांगितलेली नाही. पावसाळ्यात तू नागपूरहून चंद्रपूरच्या हॉटेलच्या कामाला जाताना जामच्या चौकात चहा प्यायलास आणि त्याचा फोटो पाठवलास. जाम इथून तासाभराच्या वाटेवर आहे. मला तुझा राग आला, धनंजय, खरं सांगतो. तिला नाही आला. तिने दोन बोटांनी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि म्हणाली, बारीक झाला. तू वाईट नाहीस, हे तिला माहीत आहे आणि मलाही. तू कामात आहेस. पण तिला यंत्रं नको आहेत रे, ती सांडगे डब्यातही ठेवू शकते.

तरी विनंती एवढीच, की हॉटेलचं कुलूप उघडण्याचा तो जो कोणता आकडा असतो, तो उलट टपाली कळवावा.

तुझा,
पुंडलिकराव

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता कार्तिक आला. तो आकडा त्याला कालच सापडला, म्हणतो. तेव्हा कळवण्याची गरज नाही. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. दुसरा, चार दिवसांनी (पाकीट अजून घरातच आहे). कुलूप उघडलं, पण काढलेलं नाही. तुझ्या ताईने काढू दिलं नाही. त्या कुलपाच्या आत पाहुण्याचं नाव घालायची एक जागा निघाली, तिथे तिने कार्तिककडून तुझं नाव घालून घेतलं. आता रोज सकाळी बासरी वाजते, समुद्र येतो आणि मोठ्या अक्षरांत, "आदरणीय धनंजय, आपले स्वागत आहे." ते कुंकू नेमकं तुझ्या नावाच्या वर येतं. खालच्या ओळीत चेक-आउटची वेळ कोणती ठेवू, असं कार्तिकने विचारलं, तेव्हा तिने ती ओळच पुसायला लावली. म्हणाली, "जायाची येळ काऊन लिवतं? आधी येऊ तर दे त्याले."