हिरव्या फाईलचा वारस

मी, खाली सही करणारा, वय बावीस पूर्ण, धंदा अपील (कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून दुसरा धंदा नाही), माजी सैनिकांच्या इस्पितळात सात नंबरच्या खाटेवर बसून, कुणाच्याही धाकाला अगर भुलावणीला बळी न पडता, स्वखुशीने हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. आठ नंबरचे आजोबा जन्मभर दस्तलेखक होते. ते म्हणतात, तापलेलं डोकं कायद्याला चालतं, फिरलेलं चालत नाही.

उद्या सकाळी माझ्या हृदयातला वाढलेला स्नायू तासून काढणार आहेत. त्यातून मी परत आलो नाही, तर माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. मोटरसायकल धाकट्या बहिणीला. क्लच हळू सोडावा, माझ्यासारखा नव्हे. बाबांनी मागे बसावे. पुढे बसायचा हट्ट करतील, करू द्यावा, किल्ली देऊ नये.

कलम २. कॉलेजची पुस्तकं ज्याला हवी त्याने न्यावीत. पहिली शंभर पानं मळलेली आहेत, पुढची कोरी करकरीत. "कागद घेऊन कचेऱ्या झिजवतोय, वाया गेला पोरगा," असं आत्या चारचौघांत म्हणाली होती. तिने दिलेलं घड्याळ तिला परत करावं. तसंही ते मागे पडतं.

कलम ३. आता माझी मुख्य मिळकत. अपिलाची हिरवी फाईल, चारशे अकरा पानं, दोन नाड्यांनी बांधलेली.

माझे वडील लष्करात ट्रक चालवत. डोंगरातल्या चौक्यांवर रसद पोचवायची, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. एका हिवाळ्यात चढावरच छातीत कळ आली. ट्रक कड्याला टेकवून थांबवला आणि खाली उतरल्यावर तुकडीच्या कंपाउंडर काकांना म्हणाले, "नोंदवहीत गॅस लिही. छाती लिहिलीस तर स्टिअरिंग काढून घेतील." काकांनी दोस्तीखातर गॅस लिहिलं. तशा अजून तीन कळा आल्या, तिन्ही वेळा गॅस. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कोसळले. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, तर लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने कळवलं: नोकरीत हृदयाची तक्रार नोंदलेली नाही, आजार वंशपरंपरेने येणारा दिसतो, सबब अर्ज नामंजूर.

त्या दिवशी मी कॉलेज सोडलं. तीन वर्षांत मी कंपाउंडर काकांना हुडकून काढलं. म्हाताऱ्याने आधी दार लावून घेतलं, मग उघडलं, मग रडला आणि "खोटं मीच लिहिलं" असं शपथेवर लिहून दिलं. माझे आजोबा आणि पणजोबा हृदयाने गेले नव्हते याचे दाखले मिळवले. फाईल अशी जमली होती की खिडकीवरचा कारकूनसुद्धा म्हणाला, "वकिलाला लाजवलंस."

कलम ४. बाबांचा हृदयाचा आलेख काढायला आम्ही महिन्यातून एकदा इथे यायचो. यंत्रावर ती असायची. तिचं नाव लिहिणार नाही, आमच्या घरात ती आलेखवाली. "काका, श्वास का रोखताय, मी चावत नाही," असं ती म्हणाली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा बाबा मोठ्याने हसले. मी तिथेच संपलो. पुढे बाबा महिन्याला एकदा आणि मी आठवड्याला एकदा. कारणं संपली तेव्हा छातीत दुखतंय म्हणून सांगितलं.

"सोंग पुरे झालं," ती म्हणाली. "झोप इथे. काढतेच आलेख, म्हणजे पुन्हा तोंड दाखवणार नाहीस."

कागद बाहेर आला आणि तिचं हसू थांबलं. सोंग अंगाशी येतं म्हणतात, माझं तर अंगातच निघालं. डॉक्टर घाईत होते. घरात हृदयाचा आजार कुणाला, विचारलं. बाबांना, म्हणालो. "मग तिकडूनच आला," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

म्हणजे मंडळ म्हणत होतं तेच. माझं हृदय हा समोरच्या पक्षाचा पुरावा! आणि मला उपचार मिळणार बाबांच्या कार्डावर, माझे कागद लागणार बाबांच्याच फाईलला. सुनावणीला चार महिने होते. मी तिला शपथ घातली, तोवर कुणाला सांगायचं नाही.

"आणि तोवर मेलास तर?"

"मेलो तर मेलो."

"वा रे मर्दा," ती म्हणाली. पण कबूल झाली. जिन्यावर एकदा मला चक्कर आली, आणि त्याच संध्याकाळी तिने जाऊन बाबांना सगळं सांगितलं. माझ्या पाठीमागे, आमच्याच घरात, आईच्या हातचा चहा पिऊन. जगातल्या एकाच माणसाजवळ मी तोंड उघडलं होतं.

कलम ५. बाबांबद्दल. मला इस्पितळात दाखल करायच्या अर्जात एक रकाना असतो: कुटुंबात हा आजार आहे काय? कारकून म्हणाला, "काका, इथे होय लिहिलंत की तुमचं अपील बसलं." बाबा म्हणाले, "बसू दे. पोरगा उभा राहिला पाहिजे." आणि लिहिलं, होय.

मी घरात ताट भिरकावलं. "तीन वर्षं, बाबा! तीन वर्षं!"

ते म्हणाले, "तुला कोण म्हणालं होतं कॉलेज सोड म्हणून?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. मेल्यावरही विसरणार नाही, तशी इथे नोंद करतो. बाबांनी आयुष्यात दोनच शब्द कागदावर चढवले, एक खोटा, एक खरा, आणि दोन्ही वेळा गाडी आमच्याच अंगावर घातली. ऑपरेशनचा नंबर लागेपर्यंत सुनावणीही होऊन गेली. निकाल काल आला: "अर्जदाराच्या मुलासही हाच आजार असल्याचे अर्जदारानेच नमूद केले आहे. अपील नामंजूर." सबब हिरवी फाईल जाळावी. बाबांनी स्वतःच्या हाताने जाळावी.

कलम ६. दस्तलेखक आजोबांकडून असं कळलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. सबब दुसरी साक्षीदार म्हणून मी मुद्दाम आलेखवालीला नेमलं आहे. तिला माझ्यापासून काही म्हणजे काही मिळू नये, आणि ते तिने स्वतःच्या सहीने कबूल करावं.

कलम ७. हे कलम भेटीच्या वेळेनंतर लिहिलं आहे.

ती आली. सहीआधी सगळं वाचायला बसली. आजोबा म्हणाले, "बाई, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो."

"बदनामी माझी आहे आजोबा, वाचणारच." वाचून झाल्यावर तिने पिशवीतून दोन आलेख आणि एक पत्र काढून चादरीवर ठेवलं. "काकांच्या नळ्या चोंदल्यात. तुझ्या हृदयाची भिंत जाड आहे. हाच आजार, असं कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"घाईत म्हणाले. काल निकाल ऐकला, मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आज त्यांच्या दारात उभी राहिले. लेखी घेतलंय. दोन वेगळे आजार, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही."

आई खिडकीशी माझे कपडे घडी करत होती. ती तशीच पाठमोरी म्हणाली, "माझा भाऊ मैदानात धावता धावता गेला. अठरा वर्षांचा. सगळे म्हणाले, ऊन लागलं." आलेखवालीने माझ्या आलेखाच्या कोपऱ्यात लिहिलं: आईकडून.

"हे आधी नाही सुचलं?" मी ओरडलोच.

"फाईल तुझी, मला वाटलं तुला माहीत. कुणाला दाखवलीस कधी? छातीशी धरून बसला होतास."

वरच्या अपिलाला साठ दिवस आहेत. मी नसलो तर ते कुणीतरी करायला हवं. बाबा "जाऊ दे" म्हणतील, त्यांना जाऊ द्यायची सवय आहे. ही म्हणणार नाही. जे सांगायचं नाही तेही ही सांगून येते.

सबब कलम ३ मधली मिळकत, कलम ५ मधली जाळण्याची सूचना रद्द करून, डॉक्टरांच्या पत्रासह आलेखवालीला देत आहे. आता पानं चारशे बारा. ही माफी नव्हे, वाटा आहे. शपथ मोडली ती मोडलीच. वाटा मिळावा म्हणून कलम ६ रद्द, आणि तिचं नाव साक्षीदारांतून काढलं आहे. मी परत आलो, तर फाईल परत मागेन. तेव्हा तिने ती स्वतः आणून द्यावी, कुणाच्या हाती पाठवू नये.

ठिकाण: हृदयरोग कक्ष, खाट सात.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दिवेलागण.

लिहून देणार: सही केली आहे. (बाबा हाक मारतात ते नाव: तडतड्या.)

साक्षीदार:
१. दस्तलेखक, खाट आठ. माझ्यासमक्ष सही झाली. डोकं ठिकाणावर आहे.
२. ~~आलेखवाली~~ खोडलं. कारण: वारस.
३. दिवसपाळीच्या सिस्टर. आता झोपावं, असा शेरा त्यांनी स्वतः लिहिला आहे.