तीन तास चाळीस मिनिटं

२ मार्च

आदरणीय विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहितेय, हे एक कारण. दुसरं असं की जे विचारायचंय ते तुमच्या लेकीच्या कानावर जायला नको आहे, आणि या घरात फोनवरचं बोलणं मोरीपर्यंत ऐकू जातं.

मला इथे येऊन तीन महिने होत आले. चिरंजीव म्हणतात, आता कायमची राहा. माझं घर भाड्याने घ्यायला एक जोडपं तयार आहे, त्यांना एकतीस मार्चपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. चिरंजीवांना मी स्पष्ट सांगितलं, की घरात माझ्या वाट्याला धड एखादं काम असेल तरच राहीन, नाहीतर आपली ट्रंक उचलीन. पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बावीस वर्षं अख्ख्या शाळेचं वेळापत्रक एकटीनं बसवलं. पाहुणीसारखं आयतं खाणं माझ्या अंगी लागायचं नाही. स्वयंपाक चिरंजीव करतात आणि मला कढईच्या आसपास फिरकू देत नाहीत. मग सूनबाईनं दोन दिवस विचार केला आणि घरातलं धुणं माझ्या हवाली केलं.

धुणंही साधं नाही. तिचे बेकरीतले तीन पांढरे कोट, त्यांवर लोणी आणि सुकलेली कणीक. चिरंजीवांचे बस चालवतानाचे निळे गणवेश, आणि त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. शिवाय चादरी, टॉवेल, मी. आणि यंत्र काय, तर पानाचं चित्र असलेल्या खुणेवर बटण फिरवलं की तीन तास चाळीस मिनिटं! एवढ्या वेळात शाळेत साडेपाच तासिका होतात. मधेच ते निपचित पडतं. परवा मी दाराला कान लावून बसले होते, मेलं की काय म्हणून. सूनबाई म्हणते तीच खूण वापरायची, तिनं वीज वाचते. वेळ चौपट आणि वीज कमी, असलं गणित मी तरी कुणाला शिकवलेलं नाही.

तुम्ही हॉस्पिटलच्या धुलाईखात्याच्या साहेब होतात. मुलाची आई म्हणून मान माझा असला तरी धुण्यात मान तुमचा. तेव्हा खरं सांगा, यात तथ्य आहे का? आणि दुसरं, जरा चाचरत विचारते. हे काम तिनं मला गरज म्हणून दिलंय, की म्हातारीचं मन राखायला?

लोभ आहेच, तो मधेच बंद न पडता चालू ठेवावा.

तुमची विहीण

---

७ मार्च

प्रिय गणितबाईंना,
स. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली. यंत्राला कान लावलात! मी तीस वर्षं यंत्रांना कान लावले, त्याचं फळ म्हणून आता दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. तुम्ही तो धंदा करू नका.

तुमची सूनबाई म्हणते ते खरं आहे. कपडा स्वच्छ होतो तो गरम पाण्यानं, साबणानं, आपटण्यानं आणि वेळानं. एक कमी केलं की दुसरं वाढवावं लागतं. हॉस्पिटलात आमच्याकडे वेळ नव्हता, म्हणून पाणी उकळायचो. तुमच्या यंत्राकडे वेळ आहे, ते कोमट पाण्यात भागवतं. वीज खाते ती पाणी तापवायला. नुसतं फिरायला चिमूटभर लागते. आणि ते निपचित पडतं तेव्हा आळस करत नाही, साबणाला काम करू देतं.

आता दोन गोष्टी पदरात बांधून ठेवा. यंत्र गळ्यापर्यंत भरू नका, वर आडवा तळहात मावेल एवढी जागा सोडा. आणि एकाला लागून एक घाणे लावू नका. दिवसातून एक वेळ रिकामी ठेवा. यंत्र पडद्यावर सांगतं तो त्याचा अंदाज असतो, शब्द नव्हे.

मन राखण्याबद्दल म्हणाल, तर माझ्या लेकीला ती कला येत असती तर मी नवस फेडला असता. लग्नाच्या दिवशी तिनं माझ्या साडीला पडदा म्हटलं होतं. तिनं काम दिलंय म्हणजे तिला गरज आहे. बाकी तिची तब्येत कशी आहे ते लिहा, मला ती फक्त 'बरी आहे' एवढंच कळवते.

लोभ वाढला तर निथळून घ्यावा, पण टाकू नये.

तुमची विहीण

---

११ मार्च

आदरणीय विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण पडताळा घेतल्याशिवाय उत्तर मान्य करायची मला सवय नाही. रविवारी घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिजसुद्धा बंद केला आणि वहीपेन्सिल घेऊन मीटरसमोर खुर्ची टाकली. एकदा जलद आणि गरम, एकदा पानाची खूण, वजन तेच. चिरंजीव सुट्टीचे झोपले होते, ते घामाघूम होऊन उठले आणि आईला वेड लागलं का असं बायकोला विचारायला लागले. तिनं त्यांना वर्तमानपत्रानं वारा घ्यायला सांगितलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. लांबलचक धुण्याला जवळजवळ निम्मी वीज लागली. मी हरले आणि मला फार आनंद झाला.

मग वेळापत्रक केलं. काय सांगू! आठवडाभराचे चौकोन, पांढऱ्यांना पिवळा रंग, गणवेशांना निळा, चादरींना हिरवा. चिरंजीवांची पाळी बदलली की सरकणारी पट्टी. फ्रिजच्या दारावर लावलंय. सूनबाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की हे बेकरीत नेऊन दाखवलं पाहिजे. आता माझी मान फ्रिजच्या उंचीला पोहोचली आहे.

फक्त तुमचा एक सल्ला मी बाजूला ठेवलाय, राग मानू नका. रिकामी वेळ काही मी ठेवलेली नाही. माझ्या वेळापत्रकात बावीस वर्षांत एकाही शिक्षकाला कारण नसताना मोकळा तास मिळाला नाही आणि त्याबद्दल मला शिव्याही मिळाल्या आणि सत्कारही झाला. मोकळा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवतो.

तब्येत बरी आहे, हात भाजलेले असतात पण ते तिला कळतही नाही. आणि तुम्हाला तिनं कळवलं नसेलच, म्हणून मी चुगली करते. येत्या गुरुवारी, चौदा तारखेला तिची परीक्षा आहे. मुख्य बेकर निवृत्त होतोय, त्या जागेसाठी दोघांची नावं आहेत, आणि भट्टीवर बाई मुख्य झालेली त्या बेकरीत आजवर नाही. मालक स्वतः समोर बसून तिच्याकडून पावाचे चार घाणे भाजून घेणार. मी तिला तिन्ही कोट असे काढून देणार आहे की मालकानं डोळे चोळावेत.

लोभ आहे, तो हातचा धरून ठेवावा.

तुमची विहीण

---

१५ मार्च

आदरणीय विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

मी तुमच्या लेकीचं नुकसान केलं. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लगेच लिहितेय.

काल सकाळी सातला तिन्ही कोट यंत्रात घातले. दहा चाळीसला निघणार, दोन तास ऊन, इस्त्री, आणि एकला ती घरातून निघणार. सगळं चोख होतं. पण तीन कोट घातल्यावर यंत्र अर्धं रिकामं दिसलं आणि मला राहवलं नाही. जाडजूड पलंगपोस कोंबला. शेवटच्या पिळण्याला त्या एका ओझ्यानं यंत्राचा तोल साधेना. ते थांबायचं, पाणी घ्यायचं, पुन्हा प्रयत्न करायचं. पडद्यावर 'नऊ मिनिटं' असं आलं आणि ती नऊ मिनिटं सव्वा तास तशीच राहिली. मी समोर उभी होते. शेवटी घाबरून बटण दाबून धरलं, तर ते थांबायच्या ऐवजी पहिल्यापासून सुरू झालं. दार बंद, कोट आत, आणि पडद्यावर पुन्हा तीन तास चाळीस मिनिटं.

सूनबाईनं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. घरातला साधा ॲप्रन अंगावर चढवून ती निघून गेली. पांढऱ्या कोटाशिवाय भट्टीजवळ उभं राहू देत नाहीत, मालकानं तिला परत पाठवलं. दुसऱ्या माणसाची परीक्षा झाली. तिला एक आठवडा पुढची तारीख मिळाली, ती पण मोठ्या मिनतवारीनं. आणि तिनं मालकाला सांगितलं की कोट धुवायला टाकायचं ती स्वतःच विसरली. हे मला चिरंजीवांनी सांगितलं.

या वयात दुसऱ्याच्या खांद्यावर माझी चूक गेली. वेळापत्रक मी फ्रिजवरून काढलंय. परीक्षा होईपर्यंत थांबते आणि मग माझ्या घरी जाते. भाडेकरूंना नाही म्हणून कळवणार आहे. जिथे माझ्या कामानं घरच्यांचं अडतं, तिथे मी राहू नये.

लोभ कमी झाला असेल तर तो माझ्याच हातानं, एवढं लक्षात ठेवावं.

तुमची विहीण

---

१९ मार्च

गणितबाई,
नमस्कार.

रागावलेय. पण कोटासाठी नाही.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी सहाही यंत्रं एकदम भरली होती. एकही रिकामं नको, कामसू बाई म्हणून नाव व्हावं! त्यातली दोन अडकली आणि ऑपरेशनच्या खोलीत गाऊन पोहोचले नाहीत. टेबलावर माणूस होता, विहीणबाई. डॉक्टर पाऊण तास हात वर धरून उभे राहिले. माणूस वाचला. मला वरिष्ठांनी बोलून बोलून सोलून काढलं. दुसऱ्या दिवसापासून मी चार नंबरचं यंत्र रिकामं ठेवलं, ते निवृत्त होईपर्यंत. नवे साहेब यायचे, विचारायचे, हे का बंद? मी म्हणायची, बंद नाही, तयार आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मला त्या रिकाम्या यंत्राचा सर्वांत जास्त अभिमान आहे. तुम्हाला तो शहाणपणा मी फुकट देत होते, तुम्ही तो विकत घेतलात. आता घेतलाय तर वापरा, ट्रंकेत भरून नेऊ नका.

लेकीचं पत्र परवाच आलंय. तुम्हाला सांगू नको असं बजावलंय तिनं. माझे कान गेलेत, हात शाबूत आहेत, म्हणून लिहिते. ती म्हणते, लग्नाला चार वर्षं झाली, भट्टीवरून घरी आल्यावर कपड्यांचा ढीग दिसला नाही असे हे पहिलेच काही आठवडे. आल्याआल्या पाय वर घेऊन बसते म्हणे. आणि कोणीतरी आपल्या कामाच्या कोटासाठी मीटरसमोर खुर्ची टाकून बसतं, याचं तिला इतकं कौतुक आहे की बेकरीत सगळ्यांना सांगून झालंय. मालकापुढे तुमचं नाव आलं असतं तर ते कौतुक सांडलं असतं, म्हणून ती खोटं बोलली. माझी लेक, जिला मन राखता येत नाही!

आता माझं सांगते. तीस वर्षं मी हजारो परक्या माणसांच्या चादरी धुतल्या. माझ्या पोरीचा शाळेचा गणवेश मात्र तिसरीपासून तिचा तिनं धुतला, कारण मी घरी यायची तेव्हा माझ्या हातात त्राण नसायचं. तिचे कोट कुणी आईच्या मायेनं धुतं, हे वाचून मला तुमचा हेवा वाटला आणि मग रडू आलं. तुम्ही निघून गेलात तर मी तुम्हाला माफ करणार नाही.

गुरुवारी दिवसभर यंत्रात फक्त तीन कोट. पलंगपोस पायाखाली घेऊन बसा.

लोभ आहे. तो धुऊन जाईल अशा भ्रमात राहू नये.

तुमची विहीण

---

३० मार्च

आदरणीय विहीणबाईंना,
स. न. वि. वि.

आधी बातमी, कारण तुमचे डोळे खाली धावत असणार. तुमची लेक मुख्य बेकर झाली! परीक्षा एकवीसला झाली, निकाल काल लागला. चारही घाणे एकसारखे, मालकानं प्रत्येकातला एक पाव फोडून पाहिला आणि शेवटचा घरी घेऊन गेला. दुसऱ्या माणसानंच पहिल्यांदा तिचं अभिनंदन केलं. तिनं घरी येऊन हे सगळं तीन वाक्यांत सांगितलं आणि चौथ्या वाक्यात भूक लागली म्हणाली. चिरंजीवांनी आज आपल्या बसमधल्या निदान चाळीस प्रवाशांना सांगितलं असेल. मी जिना उतरताना भेटतील त्यांना सांगतेय, भेटले नाहीत तर त्यांच्या दारावर टकटक करतेय.

परीक्षेचे कोट मी आदल्या दिवशी, बुधवारीच धुतले. गुरुवारचा चौकोन कोरा ठेवला. नवं वेळापत्रक केलंय, त्यात रोज एक चौकोन कोरा आहे आणि त्यावर मी बारीक अक्षरात 'तयार' असं लिहिलंय. ते तुमचं आहे हे सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली की तिला माहीत आहे, लहानपणी चार नंबरच्या यंत्रावर बसून ती अभ्यास करायची.

आणि मी तिची माफी मागितली. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी, उगीच लांबण न लावता. ती म्हणाली, आता पलंगपोस कधी धुणार ते सांगा, आठवडा होऊन गेला. तेवढ्यात आमचं मिटलं.

आता भाडेकरूंचं. आज सकाळी किल्ल्या घेऊन निघाले. चपला घालत असताना सूनबाई सहज म्हणाली की मुख्य बेकरचे कोट बेकरीच धुते, तिथे वेगळं यंत्र आहे, तेव्हा उद्यापासून ते घरी यायचे नाहीत. मी म्हटलं, बरं झालं, आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर हिशेब केला. पांढरे गेले, म्हणजे माझं निम्मं काम गेलं. आठवड्यातून दोन वेळा यंत्र लावलं की संपलं. माझ्याच अटीप्रमाणे मला ट्रंक उचलायला हवी होती.

मी तीन थांबे त्याचा विचार केला. मग खिडकीबाहेर पाहत बसले, आणि भाडेकरूंच्या दाराशी उतरून किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. घरी परतल्यावर सूनबाईनं विचारलं की आता दिवसभर काय करणार. मी म्हटलं, राहणार.

या खेपेला लोभाबद्दल काही लिहीत नाही. तुम्ही स्वतः या, चार दिवस सवडीनं राहा.

तुमची विहीण